रालीच्या अभिलेखागारात उमेदवारीवर बांधून दिलेल्या मुलांचा शोध : निघण्याआधी हे वाचा

नॉर्थ कॅरोलायनातल्या जुन्या घराण्याचा माग काढताना, धंदा शिकायला मालकाकडे बांधून दिलेल्या एखाद्या पोराबद्दल ‘या मुलाची नोंद सापडत नाही’ असं उत्तर आलं, तर लगेच विश्वास ठेवू नका. तासावर पैसे घेणाऱ्या एका शोधकाच्या अहवालात नेमकं हेच वाक्य होतं. बिल चुकतं झालं होतं आणि नोंद राज्याच्या राजधानीत, रालीत, शाबूत होती. शोध घेतला गेला होता काउंटीच्या (जिल्ह्याच्या) आजच्या कोर्टात, आणि जुन्या काळातले सुटे कागद तिथे बहुतेक नसतातच. ते राज्याच्या अभिलेखागारात, रालीच्या ईस्ट जोन्स स्ट्रीटवर १०९ क्रमांकाच्या इमारतीत असतात. काउंटीच्या गावाला गाडी घेऊन जाण्याचा बेत असेल तर तो आधी रद्द करा.

राली, कॅरी, मॉरिसव्हिल या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत आणि काही घरांत सून किंवा जावई इथल्याच जुन्या घराण्यातला आहे. नातवंडांच्या वंशावळीची एक बाजू कुलवृत्तांतापर्यंत जाते आणि दुसरी १८५० पाशी अडते. पुढचं सगळं त्या दुसऱ्या बाजूसाठी आहे. जनगणनेचे कागद वाचता येतात आणि माणूस १८५० पर्यंत मागे नेलेला आहे, असं धरून चालतो. तेवढं झालं नसेल तर रालीला जाऊ नका, दिवस फुकट जाईल. १८५० च्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव लिहिलं गेलं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे. दुसऱ्याच्या घरी राबणारं पोर तिथे एका आकड्यात विरून जातं. त्याचं नाव उरतं ते कोर्टाच्या कागदात.

व्यवस्था थोडक्यात अशी. काउंटी कोर्ट वर्षातून चार वेळा बसे आणि १८६८ पर्यंत हीच पद्धत होती. बाप मेला आणि मुलाला पोसण्याइतकी मिळकत मागे नसली की कोर्ट त्याला एखाद्या मालकाकडे बांधून देई. १७६२ च्या कायद्याने मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत, मुलगी १८ ची होईपर्यंत. मिश्रवर्णीय मुलगी मात्र २१ पर्यंत. मालकाने जेवण, कपडे, निवारा द्यायचा, लिहायला-वाचायला आणि धंदा शिकवायचा. धंदे म्हणजे पिंपं बांधणं, लोहारकाम, चांभारकाम, सुतारकाम, शिवणकाम. मुलींना बहुधा सूतकताई आणि विणकाम.

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात: कागदात मूल अनाथ म्हटलंय म्हणून आईही मेली असं धरतात. त्या कायद्याला बाप नसणं पुरेसं होतं. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनचंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी १८२२ मध्ये वेक काउंटीच्या कोर्टाने त्याला जेम्स सेल्बी नावाच्या शिंप्याकडे बांधून दिलं. नोंदीत तो जेकब जॉन्सनचा अनाथ मुलगा आहे, आणि आई तेव्हा जिवंत होती, तिने दुसरं लग्नही केलं होतं. त्या नोंदीत नाव ‘ए. जॉन्सन’ एवढंच आहे आणि वय १४ लिहिलंय. जन्म डिसेंबर १८०८ चा, म्हणजे तेरा पूर्ण. पुढे अध्यक्ष झालेल्या माणसाची ही गत, तर तुमच्या पूर्वजाचं पूर्ण नाव आणि अचूक वय मिळेल ही आशा सोडा. आद्याक्षरं, अपभ्रंश, आईचं आडनाव, सगळं चालवून पाहा. वयात वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धरा. ‘येत्या मार्चात सात वर्षांचा’ असं लिहिलं असेल तर मात्र तो महिना टिपून ठेवा, तो बहुधा घरच्या माणसाने सांगितलेला असतो.

अभिलेखागारात ओळखपत्र दाखवून नोंदणी, बॅगा लॉकरमध्ये, टेबलावर फक्त पेन्सिल. हे सोपं आहे, यावर जास्त लिहीत नाही. वार आणि वेळा बदलत राहतात, निघण्यापूर्वी पाहा. काउंटीच्या सुट्या कागदांच्या क्रमांकात मधला आकडा विषय सांगतो: १०१ म्हणजे उमेदवारीचे कागद, १०२ अनौरस मुलांबद्दलची जामीनखतं, ५०८ मयताच्या मिळकतीचे. तिन्ही एकदम मागवायच्या यादीत लिहा. फक्त १०१ मागवणाऱ्याचं काम अर्धवट राहतं.

पेटीतून निघतो तो कागद एकेकाळी घड्या घालून ठेवलेला, आता सपाट केलेला. घड्यांच्या रेघा अजून दिसतात. पुढच्या बाजूला मजकूर: मालक आणि त्याचे जामीनदार कोर्टाच्या अध्यक्षाला अमुक रकमेला बांधील आहेत, अट अशी की मुलाला नीट वागवावं. खाली सह्या, सही न येणाऱ्याची फुली, फुलीच्या दोन्ही अंगांना कारकुनाने लिहिलेलं नाव. कागद उलटा करा. घडी घातल्यावर बाहेर दिसणाऱ्या पट्टीवर कारकुनाचा शेरा असतो: मालक, मूल, कोर्टाची बैठक, वर्ष. पुढच्या बाजूला शाई उडालेली असली तरी हा शेरा कित्येकदा वाचता येतो. पुण्यात पेशवे दफ्तराचे रुमाल हाताळलेल्यांना कागदाच्या पाठीचं महत्त्व सांगायला नको.

हे जामीनखत आणि करारनामा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जामीनखत मालकाने कोर्टाला दिलेलं, करारनामा कोर्ट आणि मालक यांच्यातला. एक असेल तर दुसरं असेलच असं नाही, आणि दोन्हींत आईबापांची नावं सापडणं भाग्याचं. जामीनदार हे मालकाचे, मुलाचे नव्हेत. त्यांच्या आडनावावरून मुलाचं नातं जोडणाऱ्या वंशावळी इंटरनेटवर ढिगाने आहेत, त्या चुकीच्या आहेत.

आता तो अवघड टप्पा: कोर्टाचा रोजनामा. जामीनखत गहाळ असलं तरी हुकूम रोजनाम्यात असतो, आणि बापाचं नाव मिळण्याची खरी जागा हीच. पण वाचताना जीव निघतो. सूची असली तर बहुधा मालकाच्या नावाने, आणि मालक कोण हेच तर शोधायचं असतं. काउंटी कोर्ट सगळंच करी: रस्त्यांची डागडुजी, गिरण्यांचे परवाने, खानावळींचे परवाने, जनावरांच्या कानांवरच्या खुणा, खरेदीखतं, मृत्युपत्रं. यांच्या मध्ये एका ओळीत, कधी दीड ओळीत, एक पोर कुणाच्या तरी हवाली केलेलं असतं. मायक्रोफिल्मवर पान काळपट, अक्षर बारीक, जॉन आणि विल्यम ही नावं दोन-तीन अक्षरांत उरकलेली, दोन एस एकत्र आले की पहिला एफसारखा दिसतो. जेवणानंतर हे काम करू नका. डोळा ओळीवरून घसरतो आणि नेमकी हवी ती ओळ सुटते. सकाळी पहिल्यांदा हेच घ्या, पेट्या दुपारी.

सरसकट वाचायला बसलात तर हरलात. आधी ५०८ मधून बापाच्या मिळकतीचा कागद काढा. कारभारी कधी नेमला ती बैठक कळली की तिथून पुढच्या आठ बैठका, म्हणजे दोन वर्षं, ओळीने वाचा. मुलं बहुधा याच काळात बांधून दिली जात, कारण कर्जं फेडून काही उरलं नाही हे तेव्हा उघड होई. एक मूल सापडलं की तिथे थांबू नका, आधीचं आणि नंतरचं पान वाचा. भावंडं एकाच दिवशी, एकाखाली एक, तीन वेगळ्या मालकांकडे गेलेली दिसतात. तो हुकूम पुढे रद्द झाला का हेही पाहा. मालक मेला, काउंटी सोडून गेला किंवा आईने तक्रार केली, तर मूल दुसऱ्याकडे बांधलं जाई. मग १८५० ला ते भलत्याच घराशेजारी का सापडतं, हे कोडं उलगडतं.

बापाचा पत्ताच नसेल तर १०२. लग्नाशिवाय मूल झालं की बाईला न्यायाधीशांपुढे बापाचं नाव विचारलं जाई आणि नाव घेतलेल्या पुरुषाकडून जामीनखत घेतलं जाई, म्हणजे मुलाचा खर्च काउंटीवर पडू नये. तेच मूल काही वर्षांनी १०१ मध्ये आईच्या आडनावाने दिसतं. दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय ही जोडणी होत नाही, आणि अनेक घराण्यांची तुटलेली साखळी इथेच जुळते. हे काम जमलं की थकवा कुठल्या कुठे जातो.

कृष्णवर्णीय घराण्यांसाठी वेगळे नियम लक्षात ठेवा. १८२६ च्या अधिवेशनातल्या कायद्याने स्वतंत्र काळे आईबाप ‘उद्योगी नाहीत’ एवढ्यावरून कोर्टाला त्यांची मुलं बांधून देता येऊ लागली. म्हणजे दोघंही जिवंत असू शकतात, मृत्यू शोधत बसू नका. १८३८ मध्ये या मुलांना लिहिणं-वाचणं शिकवण्याची सक्ती काढून टाकली, म्हणून नंतरच्या कागदात ती अट नसणं हा कारकुनाचा विसर नव्हे. १८६५ नंतर तर गुलामीतून नुकती सुटलेली पोरं जुन्याच मालकांकडे उमेदवार म्हणून बांधली गेली. रॉबसन काउंटीतल्या अशा करारांवर १८६७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, मुलांना नोटीस न देता आणि हजर न करता केलेलं बांधणं चालणार नाही असं ठरवलं. या दोन-तीन वर्षांसाठी काउंटीच्या कागदांबरोबर फ्रीडमेन्स ब्युरोची, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांसाठीच्या सरकारी खात्याची, दप्तरं पाहिलीच पाहिजेत. नॉर्थ कॅरोलायनाच्या स्थानिक कचेऱ्यांच्या मायक्रोफिल्मचा क्रमांक एम १९०९. त्यांत आईबापांनी मुलं परत मागण्यासाठी केलेल्या तक्रारी आहेत आणि तक्रारीत नातं स्पष्ट लिहिलेलं असतं.

पैशांबद्दल रोखठोक: ही ब्युरोची दप्तरं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. बऱ्याच काउंट्यांचे रोजनामेही आहेत, काही फक्त त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात उघडतात. हस्तलिखितात शब्द शोधण्याची सोयही तिथे आहे. आडनावाबरोबर ऑर्फन, बाउंड, अप्रेंटिस हे शब्द टाका, पण काही मिळालं नाही म्हणून नोंद नाही असं समजू नका. पळून गेलेल्या उमेदवारांच्या जाहिराती डिजिटल-एनसी या संकेतस्थळावरच्या जुन्या वर्तमानपत्रांत विनामूल्य शोधता येतात. सेल्बीने १८२४ मध्ये पळालेल्या अँड्र्यू जॉन्सनला आणि त्याच्या भावाला पकडून देण्यासाठी दहा डॉलरचं बक्षीस लावलं होतं, तसल्याच त्या जाहिराती. याच गोष्टींसाठी वर्गणी मागणारे आणि ‘खास शोध’ म्हणून बिल लावणारे भेटतील. कुणाला काम द्यायचंच असेल तर आधी लेखी मागा: कुठल्या क्रमांकाची पेटी, रोजनाम्याच्या कुठल्या बैठका. हे न सांगणाऱ्याला एक पैसा देऊ नका.

काउंटी कुठली हे त्या काळच्या नकाशावरून ठरवा, आजच्या नव्हे. ब्यूट काउंटी १७७९ मध्ये मोडून वॉरन आणि फ्रँकलिन झाल्या. व्हान्स तर १८८१ ची. हर्टफर्डचं कोर्ट १८३० मध्ये जळलं आणि १८६२ मध्ये पुन्हा, त्यामुळे तिथल्या घराण्यांनी जामीनखतावर भिस्त न ठेवता शेजारच्या काउंट्यांपासून सुरुवात करावी.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू घ्या आणि पेटीच्या क्रमांकाची चिठ्ठी चौकटीत येऊ द्या. नाहीतर घरी गेल्यावर कुठला कागद कुठल्या पेटीतला हे सांगता येणार नाही, आणि त्यासाठी पुन्हा रालीची खेप पडेल.