परत एनक्लेक्स, पण यावेळी वॉर्डात बसून

एनक्लेक्स म्हणजे अमेरिकेत नर्सचं लायसन मिळवायची परीक्षा. त्यात फेल झाल्याचं कळलं की घरी पहिला प्रश्न ठरलेला, "किती मार्कांनी गेलं गं?" आता या परीक्षेत मार्कच नसतात हे आईला कसं सांगू. तुमच्या उत्तरावरून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते ठरवतो आणि ही पोरगी पासिंगच्या रेषेच्या वर आहे की खाली याची त्याला ९५ टक्के खात्री झाली की बंद होतो. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ ५ तास. त्यामुळं "८५ ला बंद झालं म्हणजे पास" असं जे सगळ्या ग्रुपवर फिरतं ना ते सोडून द्या, ८५ ला फेल पण करतो.

फेल झालेल्यांना एक रिपोर्ट येतो, त्यात प्रत्येक भागापुढं पासिंगच्या वर, जवळपास किंवा खाली एवढंच लिहिलेलं असतं. माझं औषधांचं नेहमी वर. मॅनेजमेंट ऑफ केअर, म्हणजे आधी कुणाला बघायचं, कुठलं काम कुणाला द्यायचं, हे दरवेळी खाली, आणि नेमका त्याचाच वाटा सगळ्यात मोठा, १५ ते २१ टक्के. तरी क्लासवाले म्हणतात अजून प्रश्न सोडवा, अजून एक क्वेश्चन बँक घ्या. घ्या काय घ्या, पैसे काय झाडाला लागतात?

मला आता वाटतं गोची वेगळीच आहे. मिरजेत वॉर्डात ड्युटी केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, पहिल्यांदा कुणाकडं जायचं? ज्याचे नातेवाईक काउंटरवर येऊन ओरडतायत त्याच्याकडं! सांगली-कोल्हापूरकडचे, पार कर्नाटकातले पेशंट येतात इथं, एकामागं चार-चार माणसं, आणि आवाज मोठा त्याचा नंबर पहिला. परीक्षेत बरोबर उलटं. चार पेशंट देतात. एकाचं ऑपरेशन झालंय, दुखणं दहापैकी आठ, कळवळतोय. एक सीओपीडीचा, म्हणजे फुफ्फुसाचा जुना आजार, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९०. एकाची शुगर २५०. आणि एक थायरॉइड काढलेली बाई, गप पडलीये पण श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येतोय. आधी तिच्याकडं जायचं, कारण तिची श्वासनलिका बंद व्हायला लागलीये. सीओपीडीवाल्याला ९० चालतं. दुखणाऱ्याला थांबावं लागेल, वाईट वाटलं तरी.

दुसरं म्हणजे "सरांना फोन करा", सर म्हणजे डॉक्टर. आपल्याकडं काही झालं की हात आधी फोनकडं जातो, तशीच शिस्त आहे, त्यात सिस्टरची काही चूक नाही. परीक्षेत मात्र विचारतात की फोन लावायच्या आधी तू स्वतः काय बघितलंस, काय केलंस.

म्हणून यावेळी अभ्यास ड्युटीवरच चालू केलाय. आधीच्या पाळीच्या सिस्टरकडून हँडओव्हर घेतला की मनात क्रम लावते, कोण पहिला, कोण दुसरा, का. मग वॉर्डातल्या मदतनीस मावशींना काय सांगता येईल ते ठरवते. स्टेबल पेशंटला चालवणं, भरवणं, युरिन मोजणं चालेल. पण स्ट्रोकवाल्याला गिळता येतंय का हे बघणं, डिस्चार्जला इन्सुलिन कसं घ्यायचं हे शिकवणं, हे नर्सनंच करायचं, अमेरिकेत हाच नियम आहे. आपल्याकडं भरवायला पेशंटची सूनच असते त्यामुळं हे डोक्यात बसायला वेळ लागतो. घरी आल्यावर मोजकेच प्रश्न, पण चुकलेल्या प्रत्येक प्रश्नात मी कशाला भुललेय ते वहीत लिहायचं. बऱ्याचदा उत्तर तेच, जो जास्त ओरडतो त्याला.

परत बसायला मध्ये ४५ दिवस थांबावंच लागतं. फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेर बसायचं म्हणून वर १५०. पगाराकडं बघून हे आकडे मोठ्यानं वाचू नयेत. यावेळी भिशी लागली म्हणून जमलं. काकूंना कुणी सांगितलंय की आता वय निघून चाललंय, आधी लग्न उरका मग बघा अमेरिका. काकूंना पण मी मनातल्या क्रमात चौथ्या नंबरवर टाकलंय, स्टेबल आहेत, थांबू शकतात.

एटीटी, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी, आला की मुंबईची तारीख घेणार. सकाळचा स्लॉट नको, रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसून थेट पाच तासांच्या पेपरला जाणं आता जमत नाही. दुपारचा मिळाला तर बघते, नाहीतर आदल्या दिवशी मावसबहिणीकडं कल्याणला.