वॉर्साचं तिकीट हातात, व्हिसाची तारीख कुठाय?

ज्यांना फक्त कामाचं वाचायचंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. युरोपातल्या कॉन्सर्टचं तिकीट मिळतं, विमान मिळतं, रजासुद्धा मिळते. मिळत नाही ती व्हिसा केंद्रात जाऊन कागद देण्याची तारीख. त्या तारखेवरचा माझा राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं जरा एकांगी वाटलं तर चालवून घ्या.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीचं काम बघतो आणि कॉलेजपासून आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड ऐकतो. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर त्यांना पाहिलं. त्यांच्या त्या जगभरच्या टूरचा पहिलाच शो मुंबईत होता. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. बोइंग ७५७ मध्ये बँड, माणसं आणि टनावारी सामान घालून तोच ते विमान चालवत आला होता. बंगळूरला ते २००७ मध्ये येऊन गेले होते, फेब्रुवारी २००९ मध्ये परत आले आणि त्यानंतर भारताला विसरले. पुढे दर टूरची यादी जाहीर झाली की मी ती वरपासून खालपर्यंत वाचायचो. त्या यादीत नाव असलेल्या चिलीतल्या माणसांचा मला किती हेवा वाटलाय ते मलाच माहीत.

सप्टेंबर २०२४ मध्ये पन्नाशीची टूर जाहीर झाली. स्टीव्ह हॅरिसने १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये बँड सुरू केला, त्याला पन्नास वर्षं. गाणी फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे १९८० ते १९९२. माझ्यासारख्याला याहून जास्त काय पाहिजे? मे २०२५ ला बुडापेस्टमध्ये सुरुवात आणि २ ऑगस्टला, शनिवारी, पोलंडमधल्या वॉर्साच्या नॅशनल स्टेडियमवर त्या वर्षीचा शेवट. मी वॉर्सा धरलं. एक तर शेवटचा शो. दुसरं, ऑगस्ट १९८४ मध्ये या लोकांनी पोलादी पडद्याच्या आत, म्हणजे कम्युनिस्ट देशांत, शिरून आपली तेव्हाची टूर याच शहरातून सुरू केली होती. पाश्चात्त्य बँड पूर्ण सामानसुमान घेऊन तिकडे जात नसत, तेव्हाची ही गोष्ट. पोझनान शहरात तर एका लग्नाच्या पार्टीत घुसून वाजवूनही आले. आणि तिसरं कारण आमच्या गावाचं, ते पुढे येईल.

तिकीट मिळालं. डिसेंबरमध्ये ड्रमर निको मॅकब्रेनने साओ पावलोचा शो वाजवून टूरमधून निवृत्ती घेतली, तेव्हा जिवाचं पाणी झालं. हॅरिस सत्तरीला टेकलेला, डिकिन्सन सदुसष्टीला. आता पुढच्या वेळी बघू म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

आता मूळ दुखणं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. कागदावर वाचलं तर वाटतं, मैदान मोकळं आहे. प्रत्यक्षात अर्ज करायचा म्हणजे व्हिसा केंद्राच्या वेबसाइटवर तारीख घ्यायची, आणि तारखेचं कॅलेंडर कायम राखाडी. फेब्रुवारी राखाडी, मार्च राखाडी. खाली एक ओळ: सध्या अपॉइंटमेंट उपलब्ध नाही, कृपया पुन्हा तपासा. पुन्हा म्हणजे कधी? सकाळी आठला? रात्री बाराला? सोमवारी? कोणी सांगत नाही. मी शिफ्ट सुरू होण्याआधी बघायचो, जेवणाच्या सुट्टीत बघायचो, रात्री बायको झोपल्यावर बघायचो. जास्त वेळा बघितलं की साइट म्हणायची, तुमच्या खात्यावर संशयास्पद हालचाल आढळली, आता काही तासांनी या. पुन्हा तपासा म्हणणारेही तेच आणि तपासलं की दार लावणारेही तेच.

हेल्पलाइन आहे. तिच्यावर पियानो वाजतो. चांगला अर्धा तास तोच एक तुकडा, मग एक मुलगा येतो आणि म्हणतो, “सर, वेबसाइटवर बघत राहा.” मी विचारलं, नवीन तारखा साधारण कधी सोडता? तो म्हणाला, ते दूतावासाच्या हातात आहे. दूतावासाला ईमेल केला. उत्तर लगेच आलं, स्वयंचलित, की तारखांसाठी केंद्राशी संपर्क साधावा. या दोघांना एका खोलीत कोंडून आत तोच पियानो लावून ठेवावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दरम्यान एजंट. तारखेला अधिकृत किंमत नाही, ती फुकटच असते, पण बाजारात तिला भाव आहे. एका ट्रॅव्हल्सवाल्याने शांतपणे सांगितलं, “परवाची काढून देतो की. फक्त आमची फी वेगळी.” म्हणजे मला महिनोन्‌महिने न दिसणारी परवाची तारीख त्याला दिसते! ते कसं, हे त्याने सांगितलं नाही आणि मी पैसे दिले नाहीत. यात तत्त्व वगैरे कमी आणि कोल्हापुरी हट्ट जास्त होता. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर तुम्ही काय करायचं ते ठरवा, मी काही बोलणार नाही. एवढंच, की अशा माणसाच्या हाती पासपोर्ट आणि पासवर्ड दोन्ही देऊ नका.

आणखी एक सल्ला सगळेच देतात: दुसऱ्या देशाच्या केंद्रात तारीख सहज मिळते, तिकडून व्हिसा काढ, शेंगेन म्हणजे सगळं एकच. एकच आहे, पण अर्ज कुठे करायचा याचा नियम आहे. जिथे मुक्काम सगळ्यात जास्त, त्या देशाकडे. सगळीकडे सारखाच मुक्काम असेल तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिथे. माझा सगळा मुक्काम पोलंडमध्ये, कॉन्सर्टचं तिकीट वॉर्साचं, आणि मी भलत्याच देशाच्या हॉटेलांची खोटी बुकिंग जोडू? विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं तर काय सांगायचं, वाट चुकलो?

पासपोर्टचं मध्येच आठवलं. परतीच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने चालू हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा मुदतीच्या जवळ आलेला होता, त्याची सगळी धावपळ तिथेच सुरू झाली. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोच्या कव्हरचा लागतो, तो बसल्या जागी मिळतो आणि महाग नसतो. तो तारीख मिळाल्यावर काढला तरी चालतं.

तर तारीख. एका मंगळवारी, पाऊस पडत होता, मी मोल्डिंग शॉपच्या बाहेर उभा राहून सवयीने फोन उघडला आणि राखाडीत एक चौकोन हिरवा. जूनमधला. कोणीतरी रद्द केलेली असावी. बोटं थरथरत होती, ओटीपी आला, गेला, परत आला. बुक झाली! आत जाऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “लेका, गाणं ऐकायला पोलंडला? हितं पंचगंगेच्या घाटावर लाव की स्पीकर.” पण रजेचं पत्र त्यांनीच स्वतः वाचून, पगार आणि हुद्दा नीट घालून, सहीशिक्क्यानिशी दिलं. त्या पत्रात तुम्ही परत येऊन कामावर रुजू होणार आहात हे स्पष्ट लिहिलेलं असावं. परत येणार का, हीच तर दूतावासाला सगळी शंका असते.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई. केंद्रात मोबाइल बंद, बॅग बाहेर, टोकन. काउंटरवरची मुलगी सभ्य होती, हे सांगायलाच हवं. तिने कागद चाळले. तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, हॉटेल, विमानाचं बुकिंग. मग कॉन्सर्टच्या तिकिटापाशी थांबली.

“सर, इन्व्हिटेशन लेटर?”

“कोणाचं?”

“ज्यांचा कार्यक्रम आहे त्यांचं.”

मी म्हणालो, “मॅडम, पन्नासेक हजार माणसं येणार आहेत त्या कार्यक्रमाला. त्यांना कोणी पत्र पाठवलेलं नाही.”

ती हसली नाही. तिच्या यादीत कार्यक्रम या शब्दापुढे निमंत्रण असं लिहिलेलं होतं, आणि यादी म्हणजे यादी. मी कव्हर लेटर काढलं. प्रवासाचा उद्देश पर्यटन. २ ऑगस्टला कॉन्सर्ट, तिकीट मी विकत घेतलेलं आहे, खर्च माझा मी करतोय, सोबत तिकीट जोडलंय. ती आत जाऊन वरिष्ठांना विचारून आली. शेवटी मी एका कागदावर सही केली की अमुक कागद जोडलेला नाही याची मला कल्पना आहे. त्या कागदाला घाबरू नका. तो त्यांच्या यादीचं समाधान करण्यासाठी असतो. व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास ठरवतो, काउंटर नाही. पण पोटात गोळा आला, हे खरं. बोटांचे ठसे, फोटो, ९० युरो फी म्हणजे तेव्हाच्या दराने नऊ हजारांच्या आसपास, वर केंद्राचा सेवा आकार. एसएमएस हवा का, कुरिअर हवं का, चहापाण्यासकट वेगळं दालन हवं का, हे सगळं वेगळ्या पैशांनी. कुरिअर घ्या, बाकी काही नको. कोल्हापूरहून पासपोर्ट आणायला परत मुंबई कोण गाठणार?

मग वाट बघणं. नियमाने पंधरा दिवस, पण गरज वाटली तर पंचेचाळीसपर्यंत लांबवू शकतात. जून संपला. ट्रॅकिंगवर रोज तेच वाक्य. आमच्या मामांनी उपाय सुचवला, “वळिवड्याचं लिव्ह की तेन्ला.” दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून परागंदा झालेली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-पोरं, कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पात १९४३ ते १९४८ राहिली. तिथेच आता गांधीनगरचा कापडबाजार आहे. मामांचा हिशेब सरळ होता, आम्ही तुमची पाच हजार ठेवून घेतली, तुम्ही आमचा एक आठवडाभर ठेवा. मी लिहिलं नाही, पण विचार केला होता.

पाकीट जुलैत आलं. उघडायचा धीर होईना, बायकोने फाडलं. व्हिसा होता, एकदाच प्रवेशाचा, जेमतेम माझ्या मुक्कामाच्या दिवसांचा. मी तिथल्या तिथे, जेवणाच्या टेबलापाशी, डिकिन्सनसारखं ओरडलो आणि शेजारचे काका बघायला आले.

वॉर्सात काही अडचण आली नाही, म्हणून त्याबद्दल सांगण्यासारखंही फार नाही. मेट्रोची दुसरी लाइन थेट नॅशनल स्टेडियमच्या स्टेशनवर सोडते. परतताना मात्र सगळेच तिथे जमतात, म्हणून नदीवरचा पूल चालत ओलांडला तर लवकर सुटका होते. मॉन्टे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरचं स्मारक आहे, तिथे जाऊन आलो. कोल्हापूर ही अक्षरं वॉर्सात वाचताना अंगावर काटा आला, एवढं मान्य. शोच्या आधी बँडच्या मॅनेजरने फोन खिशात ठेवा असं आवाहन केलं होतं. आजूबाजूच्या निम्म्यांनी ऐकलं. ड्रमवर सायमन डॉसन होता आणि मला निकोची आठवण वाटली होती तेवढी आली नाही, हे निकोच्या चाहत्यांनी माफ करावं. तेरा-चौदा मिनिटांचं ते जुन्या खलाशाचं गाणं पुरं वाजवलं. मागच्या दोन पोलिश पोरांना ते पाठ होतं, मलाही. कानात इअरप्लग घाला, वयाची पर्वा करू नका.

याच टूरच्या २०२६ च्या यादीत लंडनजवळच्या नेबवर्थचाही शो आहे, म्हणून मला आता फोन येतात की तुझ्या शेंगेनवर तिकडे जाता येईल का. नाही येणार. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, त्याची फी वेगळी, त्याचं कॅलेंडरही वेगळं. मी ते अजून उघडून पाहिलेलं नाही.

आणि हो, बँक स्टेटमेंटवर शाखेचा शिक्का आणि सही घेऊन जा. माझ्या पुढच्या टोकनवाल्याकडे नेटवरून छापलेलं होतं, त्याला बाहेर पाठवलं. तो सोलापूरहून आला होता.