पथकाच्या सरावाचं शूटिंग: कॅमेरा राहू दे, आधी आवाज

तर या वेळचा अपडेट. नदीपात्रात आमच्या ढोल-ताशा पथकाचे सराव सुरू झालेत आणि पथकातला प्रत्येक जण विचारतोय नवीन कॅमेरा कधी घेतोस. नाही घेत. आहे तो सेकंडहँड मिररलेस कॅमेरा १०८०पी (फुल एचडी) व्हिडिओ नीट काढतो, बघणारे सगळे फोनवर बघणार, सगळं बजेट आवाजात घातलं.

फोनच्या माईकवर ढोल कधीच नीट येत नाही, सगळे एकदम पडले की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ण जागेवर आणत नाही. म्हणून झूम एफ३ हा छोटा ऑडिओ रेकॉर्डर घेतला. ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे आवाज कितीही लहानमोठा असला तरी फाईलमध्ये फाटत नाही, त्यामुळे गेनचं (आवाजाची पातळी लावायचं) बटणच नाही त्याला. पण ३२ बिट फ्लोट रेकॉर्डरला वाचवतं, माईकला नाही हां. आवाज कॅप्सूलमध्येच, म्हणजे माईकच्या आवाज पकडणाऱ्या भागातच फाटला तर पुढे फाईल कितीही बिटची असो, काही उपयोग नाही. त्यामुळे जास्त नाजूक कंडेन्सर माईक घरी ठेवला आणि ताशासमोर शुअर एसएम५७ लावला, साधा, दणकट डायनॅमिक माईक, स्नेअर ड्रमवर सगळीकडे हाच असतो. दुसरा डायनॅमिक ढोलांच्या रांगेकडे. कनेक्टर पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले, सोल्डर घरीच.

आता खरी गंमत सिंकची, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायची. पूर्ण पथक फ्रेममध्ये हवं तर कॅमेरा ३० मीटर लांब जातो, आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर चालतो, म्हणजे कॅमेऱ्यापर्यंत पोचायला जवळजवळ ९० मिलीसेकंद लागतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलीसेकंदाची, म्हणजे दोन फ्रेमचा उशीर झाला. एडिटरचं ऑटो सिंक कॅमेऱ्याच्या या उशिरा आलेल्या आवाजाशीच माईकचा आवाज जुळवतं, वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) एकदम परफेक्ट दिसतो, पण टिपरू (ढोल वाजवायची काठी) पानावर (ढोलाच्या पडद्यावर) पडलेलं आधी दिसतं आणि ठोका मागून येतो, आणि ज्याने एकदा पण ढोल कमरेला बांधलाय त्याला ते लगेच खटकतं. मी ऑटो सिंक करून मग ऑडिओ दोन फ्रेम अलीकडे सरकवतो, आणि टिपरू टेकतं ती फ्रेम डोळ्याने बघतो. क्लोजअपला याची गरज नाही.

कॅमेरा २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे संध्याकाळी फ्लडलाईट लागले तरी पट्टे येत नाहीत. मित्राच्या फोनवरच्या क्लिप व्हेरिएबल फ्रेम रेटच्या असतात, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम ते बदलत राहतं, त्या आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट करून घेतो, नाहीतर लांब टेकमध्ये आवाज हळूहळू सरकतो.

एडिटिंग दा विंची रिझॉल्व्हवर, फ्री व्हर्जन पुरतं, व्हिडिओचं नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणं) मात्र पैसेवाल्यात आहे. केडेनलाईव्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर पण बघितलं, हलकं आहे, पण ऑडिओसाठी रिझॉल्व्हचं फेअरलाईट पेज मला जास्त आवडलं. लॅपटॉप जुना, त्यामुळे प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या कॉपी) बनवल्याशिवाय टाईमलाईन हलत नाही. लाऊडनेस -१४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास ठेवतो, त्याहून मोठा दिला तर यूट्यूब स्वतःच खाली आणतं, मग लिमिटर (सगळ्यात मोठे आवाज दाबणारं टूल) लावून ठोक्यांची धार उगाच कशाला मारायची?

पथकातला टोल, म्हणजे ठोकून वाजवायची धातूची घंटा, अजून नीट पकडता आलेला नाही, ताशाच्या माईकमध्ये घुसतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो. पुढच्या रविवारी माईकची पाठ टोलकडे करून बघणार आहे. कानात इअरप्लग घालूनच.