बामणोलीचे ‘बुटके गवे’ : नऊशे रुपये आणि एक चप्पल

‘शिवसागरच्या टापूवर बुटके गवे! बेटावरची उत्क्रांती डोळ्यांदेखत!’ असा ट्रिपचा मेसेज आला (शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय) आणि मी माणशी ९०० भरून मोकळा झालो. लाँचचे पैसे वेगळे, हे बामणोलीत उतरल्यावर कळलं.

साताऱ्याहून कासमार्गे रस्ता झकास आहे, त्यावर लिहीत बसत नाही. टापूवर उतरणं मात्र जन्मभर लक्षात राहील. फेब्रुवारीअखेर, पाणी हटलेलं, काठाला पन्नासेक पावलं नुसता गाळ. वर वाळकी खपली, पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. तिसऱ्या पावलाला माझी डावी चप्पल गेली ती गेलीच. लेसचे बूट घाला, काठी घ्या आणि लाँच खडकाच्या बाजूला लावायला सांगा. तशी बाजू आहे. आम्हाला परतताना दिसली.

वर संयोजकांनी चिखलात उमटलेले खूर दाखवले. “बघा, केवढेसे!” लाँचवाले काका हसले. “आवो, ही आमच्या वाडीतली रेडकं. पाणी हटलं की चालत येत्यात.”

संपलं की! रेडकू जिथं चालत जातं ते बेट कसलं? आणि धरण भरून वर्षं झाली साठेक. इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या जर्सी बेटावर फार पूर्वी अडकलेली लाल हरणं सहा हजार वर्षांत मूळ वजनाच्या सहाव्या हिश्श्यावर आली, तर तोच वेग भन्नाट मानतात. बेटावर चारा मोजका, मागं लागणारं मोठं श्वापद नाही. मग कमी खाऊन लवकर विणारी लहान चणीची जनावरं टिकतात.

खरंच बुटकं बघायचं तर फिलिपिन्समधलं मिंडोरो बेट गाठा. तिथला तामाराव खांद्याशी जेमतेम मीटरभर, आणि तो गवा नव्हे, रानम्हैस. त्याच देशात सेबू बेटावर पाऊण मीटरच्या म्हशीचे जीवाश्म निघाले, २००६ साली ती नवी जात ठरली. तामारावला १९३०च्या दशकात बाहेरून आणलेल्या गुरांची बुळकांडी (गुरांचा साथीचा रोग) लागली, शिकार होतीच. १९६९च्या सुमारास शंभरभरसुद्धा उरले नव्हते.

टापूची ट्रिप घेऊ नका. तेवढ्याच पैशांत वासोटा किल्ला करा. वनखात्याची परवानगी बामणोलीतच मिळते, ओळखपत्र ठेवा, सकाळी लवकर पोचा. लाँच माणशी नाही, अख्खी ठरवा, आणि भाडं स्वतः खिडकीवर विचारा. आमच्याकडून माणशी ४०० उकळले. लाँचवाल्या काकांना त्यातले किती मिळाले ते विचारलं, तर ते पुन्हा हसले.