सेल उतरत गेले, बँड पेटत गेला

ही कॅसेट यायच्या आधीच तिची कीर्ती आमच्यापर्यंत पोचली होती. ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या एका हॉलात रमोन्स या अमेरिकन पंक बँडचा शो झाला. प्रेक्षकांतल्या एकाने जॅकेटच्या आत रेकॉर्डर दडवून तो टिपला आणि तेव्हापासून त्या टेपच्या नकलांच्या नकला चाहत्यांमध्ये फिरताहेत. शेवटच्या पंधरा मिनिटांत बँड असा काही सुटतो की बाकी सगळे शो त्यापुढे मवाळ वाटावेत, अशी तिची ख्याती. आता मूळ कॅसेट सापडली होती. चार-पाच जुन्या चाहत्यांनी वर्गणी काढून ती इथे इंग्लंडात आमच्या ट्रान्सफर स्टुडिओत, म्हणजे जुन्या टेपा डिजिटल करतो तिथे, आणली.

रमोन्सच्या वेगाबद्दल कोणी काहीही सांगितलं तरी लोक विश्वास ठेवतात, त्याला कारण आहे. ‘इट्स अलाइव्ह’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला लाइव्ह अल्बम लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ३१ डिसेंबर १९७७ ला रेकॉर्ड झाला. त्यात २८ गाणी आहेत आणि सगळी मिळून साधारण ५४ मिनिटांत आटोपतात. २०१९ मध्ये त्याच दौऱ्यातले बर्मिंगहॅम, स्टोक आणि एल्सबरीचे शोही संचात निघाले. तेव्हापासून ही मंडळी स्टॉपवॉच घेऊन बसलेली आहेत. पुढच्या दशकात बँड आणखी वेगाने वाजवायला लागला, हेही खरंच. त्यामुळे या टेपवर कोणी शंका घेतली नव्हती.

कॅसेट सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची होती. कवच स्क्रूचं नव्हे, चिकटवलेलं. आतला फेल्टचा दाबपॅड गळून पडलेला, कारण त्याखालचा गोंद इतक्या वर्षांत वाळून भुगा झाला होता. पॅड नसला की टेप हेडला, म्हणजे ती वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही, वरच्या पट्टीतला आवाज येतो-जातो, आणि लोक समजतात टेपच खराब झाली. जुनं कवच शिवणीवर पातळ पात्याने उघडून दोन्ही चकत्या पाच स्क्रूच्या नव्या कवचात घातल्या. मग ॲझिमथ, म्हणजे हेडची फट टेपच्या दिशेला अचूक काटकोनात आणणं. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐकायचं आणि झांजांचा आवाज सर्वांत लखलखीत होईल तिथे स्क्रू थांबवायचा. दुसऱ्या बाजूला हे पुन्हा करायचं, कारण कॅसेट उलटली की टेपची चाल जराशी बदलते. टेपची सरसर दाबणारं डॉल्बी बंद, कारण रेकॉर्ड करताना ते नव्हतं. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि बाकी कशाला हात लावायचा नाही.

हम, म्हणजे विजेची ती सलग घरघर, तर मुळीच काढायचा नाही. आमच्या धंद्यातला हा जुनाट रोग आहे: फाइल उघडली की पहिल्यांदा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतल्या सगळ्या रेषा छाटून टाकायच्या. गिऱ्हाइकाला ‘स्वच्छ’ वाटतं आणि पुरावा जातो. रेकॉर्डर सेलवर चालत होता, म्हणजे त्याचा स्वतःचा हम नाही. टेपवर जो आहे तो गिटारवाल्या जॉनीच्या मार्शल ॲम्पांचा, हॉलातल्या विजेचा. ब्रिटनची वीज ५० हर्ट्झची आणि ती रोजच्या व्यवहारात फार तर ०.२ हर्ट्झने इकडेतिकडे होते. तेव्हा टेपवर तो हम ५१ ला दिसला तर टेप दोन टक्के चढी चालली आहे, हे उघड. आमच्याच डेकचा हम त्यात मिसळू नये म्हणून आधी रिकामी कॅसेट चालवून बघायची. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग स्वतःचीच वीज मोजत बसतात.

अडचण अशी की रमोन्स थांबतच नाहीत. गाणं संपतं न संपतं तोच बासवाल्या डी डीचं ‘वन-टू-थ्री-फोर’. दोन गाण्यांमध्ये मिळतो जेमतेम एक सेकंद, आणि एका सेकंदाच्या तुकड्यावरून वारंवारता एक हर्ट्झपेक्षा बारीक वाचता येत नाही. म्हणजे ५० आणि ५१ मधला फरकच हरवतो. उपाय असा की मूळ ५० कडे न बघता वरच्या पटी बघायच्या. दहावी पट ५०० हर्ट्झला असते, तिथे हीच चूक दहापट मोठी होऊन दिसते. पण तिथे लोकांचा आरडाओरडा असतो. सोनं मिळालं ते एनकोअरच्या, म्हणजे परत येऊन वाजवायच्या जादा गाण्यांच्या, आधी. बँड आत गेलेला, ॲम्प चालूच, आणि जवळजवळ मिनिटभर त्यांचा घुमारा मागे उभा.

आकडे असे आले. सुरुवातीला ५०.५. पहिल्या बाजूच्या शेवटी ५१.८. पहिल्या एनकोअरआधी ५२.६, दुसऱ्याआधी ५३. पन्नासचे त्रेपन्न म्हणजे सहा टक्के, म्हणजे अख्खा अर्धस्वर. सुरुवातीचा आकडा दुसरीकडूनही ताडून बघता आला: बँड मंचावर येताना हॉलाच्या भोंग्यांवर चित्रपट-संगीतकार एन्निओ मोरिकोनेची धून वाजायची आणि तिची पट्टी ठाऊक आहे. तीही टक्काभर चढलेली होती. हॉलाच्या डेकवर माझा भरवसा नाही, म्हणून हा साक्षीदार दुय्यमच.

रेकॉर्डरचे सेल उतरत होते. मोटर मंदावली, टेप हळू सरकली, आणि आज ती बरोबर वेगाने चालवली की सगळं चढं आणि जलद ऐकू येतं. सेल शेवटी शेवटी भराभर उतरतो, म्हणून ती प्रसिद्ध पंधरा मिनिटं.

मला खरी मजा वाटली ती बाजू बदलली त्या जागेची. पहिली बाजू ५१.८ वर संपते आणि दुसरी ५१.२ वर सुरू होते. त्या माणसाने अंधारात कॅसेट काढली, उलटली, परत घातली. तेवढ्यात सेलना विश्रांती मिळाली आणि ते थोडे सावरले. मग पुन्हा चढण. बँड असा अर्ध्या गाण्यात सहा दशांश हर्ट्झने खाली येत नाही.

वर्गणीदारांपैकी एकाने जोरात हरकत घेतली: रेकॉर्डर सोनीचा वॉकमन प्रोफेशनल होता, मला आठवतंय. पण त्या वॉकमनची, म्हणजे डब्ल्यूएम-डी६सीची, मोटर क्वार्ट्झला बांधलेली असते. सेल उतरले तरी ती वेग धरून ठेवते आणि मग एकदम मान टाकते. अशी तासभर हळूहळू घसरत नाही. तेव्हा यंत्र साधंच होतं. दुसरी हरकत, गिटारच चढल्या असतील. पण सगळे फटके वरून खाली मारत तासभर वाजवलं की तारा तापतात, सैल पडतात आणि स्वर उतरतो. शिवाय गायक जोईचा गळा काही गिटारबरोबर अर्धस्वर बारीक होत नाही.

बाजारात फिरणाऱ्या एका ‘सुधारित’ नकलेत कोणीतरी सबंध शो सरसकट तीन टक्के खाली ओढला आहे. म्हणजे सुरुवात बेसूर खाली, शेवट बेसूर वर, आणि मध्ये कुठेतरी पाच मिनिटं बरोबर. वर हमही काढलेला. अशा माणसांना सॉफ्टवेअर विकत मिळतं, हीच चूक.

मी हमाच्या बिंदूंवरून वक्र काढला, बाजू बदलली तिथे तोडला आणि आरएक्स या आवाज-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलत्या पिचने लावला. वेळ आणि स्वर एकत्रच बदलायचे. टेपचा दोष तोच आहे, तेव्हा टाइम-स्ट्रेच, म्हणजे स्वर तसाच ठेवून नुसती वेळ ताणणं, इथे पाप. शेवटचं गाणं मिनिटाला २१२ ठोक्यांवर होतं ते २०० वर आलं, पहिलं १९० चं १८८ झालं. म्हणजे बँड शेवटाकडे वेग घेतोच, पण दंतकथेतला निम्मा वेग सेलचा आहे.

त्यांना दोन्ही फाइली आवाज सारखा करून ऐकवल्या, आधी न सांगता कुठली कुठली ते. हे करावंच लागतं, कारण आवाज जरा मोठा असला की लोकांना तीच चांगली वाटते. सुरुवातीच्या गाण्यांना कोणालाच फरक कळला नाही. शेवटच्या गाण्यांना सगळ्यांनी जुनी फाइल निवडली. दुरुस्त केलेल्या फाइलीत ड्रमला वजन आलं होतं, जोईचा आवाज जोईचा झाला होता, गिटार पुन्हा गिटारच्या पट्टीत बसली होती. त्यांच्यातला सर्वांत वयस्कर माणूस म्हणाला, “छान आहे. पण हा तो शो नाही.”

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तो त्या हॉलात नव्हता. त्याने हा शो फक्त या टेपवर ऐकला आहे, मग त्याच्यापुरता शो म्हणजे सेल उतरलेला शोच. उलट, मंचावर जे होते त्यांना विचारायचं तर पुढे उभ्या असलेल्या तिघांतलं कोणी उरलेलं नाही. जोई २००१ मध्ये गेला, डी डी २००२, जॉनी २००४. दुरुस्त फाइल बरोबर आहे हे मी वक्र दाखवून सिद्ध करू शकतो. ती ऐकण्यासारखी आहे हे नाही.

त्यांनी तिसरी फाइल मागितली: निम्मी दुरुस्ती. मी करून दिली. तिला तांत्रिक अर्थ काहीही नाही. नावातच ‘अर्धी’ असं स्पष्ट घातलं आहे, म्हणजे पुढे कोणी तिच्यावरून वेग मोजू नये. मोजणार आहेतच. मूळ ट्रान्सफर आणि वक्राचे आकडे तिन्हींसोबत दिले.

मला अजून खटकतं ते १८८ ते २०० मधलं अंतर. एनकोअरच्या आधीचे बिंदू भक्कम आहेत, पण एनकोअरच्या आतला वक्र मी शेवटच्या बिंदूपासून पुढे ताणला आहे, आणि सेल तिथे कड्यावरून पडत असतात. शेवटच्या गाण्यात माझ्या हिशेबापेक्षा आणखी टक्काभर घसरण असली तर २०० चे १९८ होतील. त्याच रात्रीची, वेगळ्या रेकॉर्डरवरची दुसरी टेप मिळाली तर हे एका दुपारचं काम आहे. कोणाच्या माळ्यावर असेल तर जशी आहे तशी आणा, पॅड निघालेला असला तरी चालेल. फक्त आधी घरी हम काढू नका.