एक खोका कमी

गावात "मी नाईक होतो" म्हटलं की लोकांना ते आडनाव वाटतं. एका पाहुण्यांनी तर "गोव्याकडचे का?" म्हणून विचारलं. फौजेत हा हुद्दा आहे: लान्सनाईकाच्या बाहीवर एक फीत, नाईकाच्या दोन, हवालदाराच्या तीन. दोन फितींवाला मधोमध सापडतो. वरून साहेबांचा राग, खालून पोरांचं रडगाणं.

दुसरी फीत लागून महिनाही झाला नव्हता. चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, गोळ्यांचे रिकामे खोके गोळा करून मोजायचं काम माझ्याकडे आलं. बाहेरच्यांना वाटतं, गोळी सुटली, विषय संपला. फौजेत विषय तिथून सुरू होतो. झाडलेल्या प्रत्येक गोळीचं रिकामं पितळी खोकं परत जमा करावं लागतं. खोकं नाही म्हणजे ती गोळी उडाल्याचा पुरावा नाही, आणि मग ती जिवंत गोळी कुणाच्याही खिशात असू शकते. म्हणून शेवटी प्रत्येकजण हात वर करून बोलतो, "मेरे पास कोई राउंड, कोई खाली खोका नहीं है, साहब."

चाळीस जवान, प्रत्येकी पंधरा गोळ्या. मी दहा-दहाच्या ओळी लावल्या. ५९९. पुन्हा मोजल्या. ५९९.

आमची इन्सास रायफल खोकं उजवीकडे फेकते, म्हणून आधी उजव्या अंगाचं गवत पाहिलं. मग खांद्याला खांदा लावून, गुडघ्यांवर, बोटांनी माती चाळत सगळी फायरिंग लाईन. सुकं गवत आणि पितळ, दोन्हींचा रंग एकच. आमच्या रायगडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकटे मशीनगनवर धावून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्यानं दोघांना लोळवलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच हुद्द्याचा मी, रांगत पितळ हुडकत होतो.

अंधार पडायला आला. जेवण नाही, गाड्या उभ्या. साहेबांची चिडचिड सुरू, जणू ओरडलं की पितळ स्वतःहून चमकेल. तेवढ्यात पलटणीत नवीनच आलेला एक पोरगा जवळ आला. "उस्ताद," म्हणाला आणि मूठ उघडली.

शेजाऱ्याचं गरम खोकं त्याच्या कॉलरमधून आत गेलं होतं. तो हलला नाही, कारण लाईनवर लोळताना हललात तर कातडी सोलीन, असं सकाळी मीच दरडावलं होतं. उठल्यावर ते काढून खिशात टाकलं, नंतर देऊ म्हणून. मग माझा आवाज चढला, आणि हात वर करून तोही सगळ्यांबरोबर बोलून गेला. मानेखाली बोटाएवढा चट्टा होता, पाणी सुटलेला.

खोटं बोलल्याचा अहवाल द्यायचा, तर पोरगा कामातून गेला. मी खोकं घेतलं, चार पावलं गवतात गेलो, वाकलो. "मिळालं, साहब!"

कंपनी हवालदार मेजरांनी ते हातात घेऊन बोटांत फिरवलं. मातीचा कण नव्हता त्यावर. माझ्याकडे पाहिलं. मग टिनात टाकलं आणि म्हणाले, "छे सौ. गाडी लगाओ."

खिशातून खोक्याऐवजी जिवंत गोळी निघाली असती, तरी मी असाच वाकलो असतो का? नसतो, असं मी बायकोला सांगतो.