शेपटी बघितलीस का रे?

मी १९८९ च्या दहावीचा. चैत्रात गावची यात्रा आली की आपल्या वर्गातले मागचे बाक ओस पडायचे. आम्ही सगळे घाटात, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या चढावर. घरचा बैलगाडा होता, खिल्लार बैलांचा. आठवीत असताना तो बारा सेकंदांत घाट चढला. 'भिर्रर्र'ची आरोळी, गुलाल, डोक्याला फेटे! दुसऱ्या दिवशी वर्गात मी तेच सांगत सुटलो. विज्ञानाच्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेपटी बघितलीस का रे त्याची?"

"बघतो सर," म्हणालो.

बैलापुढे वैरण-खुराक पडल्याशिवाय वडील ताटावर बसत नसत. त्यांना निर्दय म्हणणं मला कधी जमलं नाही, आजही जमत नाही. पण गाडा सुटताना शेपटी पिरगळणं, चावणं, खिळा टोचणं हेही त्याच घाटात चालायचं आणि आमच्यातल्या कुणालाच त्यात वावगं वाटत नसे.

पुढे मी पशुवैद्य झालो. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. गावात लोक विचारायचे, "डॉक्टर, तुम्ही आपले का त्यांचे?" बंदी योग्यच आहे, असं मी तेव्हा तोंडावर सांगितलं. मात्र शर्यत नाही म्हणून कित्येकांनी बैल विकले. आमचीही दावण सुटली. वडील रिकाम्या गोठ्यात बसून राहायचे, तेही मी विसरलेलो नाही.

राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, काठी-चाबूक चालत नाही आणि बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो. तो मी देतो. आधी शेपटी हातात घेतो, बुडापासून शेंड्यापर्यंत एकेक मणका चाचपतो. मोडून जुळलेला मणका बोटांना गाठीसारखा लागतो. मग मांड्यांची आतली बाजू. गेल्या यात्रेत चुलत्यांचाच बैल परत पाठवला. त्यांनी बोलणं टाकलंय. टाकू देत.

सर, त्या संध्याकाळी कंदील घेऊन मी गोठ्यात गेलो होतो. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. शेंड्याजवळ दातांचे वण होते. काही जुने, काही ओले.